कंठ कोणाचा? : डहाणू-तलासरीच्या प्रार्थनेची वाटचाल

रविवारची मिस्सा आटोपली, की चर्चच्या आवारात माणसे थोडा वेळ रेंगाळतात. पावसापाण्याच्या, चिकूच्या भावाच्या, मुलांच्या परीक्षांच्या गोष्टी निघतात आणि त्यांत कुणीतरी वडीलधारे म्हणून जातात, “आमच्या वेळचे गायन आता राहिले नाही.” शेजारी उभा असलेला गायकवृंदातला तरुण ओशाळून हसतो. त्यालाही काही म्हणायचे असते; पण वडिलांपुढे तो बोलत नाही. हा प्रसंग कोणत्याही धर्मग्रामात घडावा असा आहे. वडिलांचे म्हणणे खोटे नाही आणि तरुणाचे मौनही अर्थशून्य नाही.

आपल्या उपासनेत जुने कोणते आणि नवे कोणते, याचा निवाडा करायचा तर इतिहासाकडे वळावे लागते. या विचारासाठी आम्ही डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके मुद्दाम निवडले आहेत. वसई धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला टेकलेला हा मुलूख. एका बाजूला डहाणूची खाडी, चिकूच्या वाड्या आणि रेल्वे. दुसऱ्या बाजूला तलासरीचे डोंगरपाडे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग. वारली, कोकणा, धोडी, दुबळा अशा आदिवासी जमातींचे हे घर आहे. प्रार्थनेची भाषा आणि चाल कोणाची असावी, हा प्रश्न वसईच्या जुन्या धर्मग्रामांत आवडीनिवडीचा ठरेल. इथे तो एका समाजाच्या कंठाचा प्रश्न आहे.

प्रथम भाषेचे पाहू. लॅटिन ही ख्रिस्तसभेची मूळ भाषा, असा समज आपल्यांत रुजला आहे. प्रभू येशूने प्रेषितांबरोबर शेवटचे भोजन घेतले तेव्हा तो अरामी बोलत होता आणि हिब्रू स्तोत्रे म्हणत होता. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळींची उपासना ग्रीक भाषेत होत असे. पुढे रोमच्या सामान्य जनांना ग्रीक कळेनासे झाले आणि चौथ्या शतकात, पोप दामासुस यांच्या काळाच्या (३६६-३८४) आगेमागे, उपासना लॅटिनमध्ये आली. म्हणजे लॅटिन ही एके काळी लोकांची भाषा म्हणून वेदीपाशी आली होती! जुन्या भाषा तेव्हा निघून गेल्या, पण जाताना काही दाणे मागे ठेवून गेल्या. ‘किरिये एलेइसोन’ हे शब्द ग्रीक आहेत. ‘आमेन’, ‘आलेलुया’, ‘होसान्ना’ हे हिब्रू परंपरेतले. आज तलासरीच्या पाड्यावरची आजी ‘आमेन’ म्हणते तेव्हा जेरुसलेमचा एक कण तिच्या ओठांवर असतो. परंपरा अशीच चालत आली आहे: बहुतेक सोडत, थोडे जपत.

गायनाचेही तसेच. ज्याला आपण ग्रेगोरियन गायन म्हणतो, त्याचे नाते पोप संत ग्रेगरी (५९०-६०४) यांच्याशी जोडले जाते. परंतु आज हाती असलेल्या चाली मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांत, आल्प्सच्या उत्तरेकडील फ्रँक राज्यात घडल्या, असे अभ्यासक सांगतात. मधल्या शतकांत त्या विस्कटल्या. फ्रान्समधील सोलेम येथील मठ १८३३ मध्ये दोम प्रॉस्पेर गेरांजे यांनी पुन्हा उभा केला. तेथील संन्याशांनी जुनी हस्तलिखिते ताडून चाली शुद्ध करण्याचा उद्योग आरंभला. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीतावरील आपले फर्मान काढले आणि हे गायन लोकांच्या तोंडी परत यावे अशी इच्छा व्यक्त केली. आपल्या आजोबांना जी ‘मिस्सा दे आंजेलिस’ तोंडपाठ असे, तिचे काही भाग पंधराव्या-सोळाव्या शतकांतले आहेत, आणि तिच्यासोबत गायले जाणारे ‘तिसरे क्रेदो’ तर सतराव्या शतकातले. ज्याला आपण अनादि समजत होतो, ते आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्याच वयाचे निघावे, ही गंमतीची आणि विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख इथे सहज झालेला नाही. स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि सासष्टीत चाळीस वर्षे राहिले. नवख्रिस्ती मंडळींना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते. लॅटिन मिस्सा वेदीपाशी होत होती. पण गुणगुणायला, सांजवेळी ऐकायला, मुलाबाळांना सांगायला त्यांच्या हाती काही उरले नव्हते. त्यांची ती भूक स्टीफन्स यांनी ओळखली. त्यांनी मराठी ओवी उचलली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत तारणाचा इतिहास गायला. ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ जगला, कारण लोकांनी तो नकलून घेतला आणि चर्चमधून, घरांतून गायला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. राज्यकर्त्यांची ती भाषा आज गोव्याच्या प्रार्थनेत अंशमात्र उरली आहे. ओवी मात्र टिकली.

ओवीतच का टिकली? याचे उत्तर गायनाच्या घडणीत आहे. ग्रेगोरियन पद्धतीने स्तोत्र म्हणताना एक लहानसा आरंभ असतो, मग बराच मजकूर एकाच स्वरावर म्हटला जातो, चरणाच्या मध्यावर किंचित वळण येते आणि शेवटी स्वर खाली उतरतो. पुढच्या चरणाला तीच चाल. चाल लहान, शब्द पुष्कळ. जात्यावरच्या ओवीची घडणही हीच नव्हे काय? एका लहान चालीच्या दोरीत बाई आपले सारे आयुष्य ओवून टाकते. दोन्हींत अनेक आवाजांची स्वररचना नाही, वाद्यांचा आग्रह नाही. एकच सूर आणि त्यावर तोललेला शब्द. सोलेमचा संन्यासी आणि आपली दळणारी आई एकमेकांना भेटली असती, तर भाषा कळली नसती, पण चाल कळली असती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई मिळवली. डहाणू आणि तारापूर येथेही त्यांची ठाणी आणि किल्ले झाले, आणि ठाण्यांबरोबर चर्च आली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये वसई पडली. डहाणू-तारापूर ही ठाणीही त्याच वर्षी मराठ्यांकडे गेली. वसईत ख्रिस्ती वस्ती दाट होती. तिथे भाविकांनी सण, क्रूस आणि लितानी यांच्या आधाराने आपली श्रद्धा जपली. कळत नसलेल्या लॅटिन लितानीला ‘ओरा प्रो नोबिस’ असा एकमुखी प्रतिसाद देत क्रुसासमोर उभी राहणारी माणसे ही आपल्या समाजाची एक हृद्य आठवण आहे. उत्तरेकडे मात्र ती घडी मोडली. त्यामुळे डहाणू-तलासरीचा आजचा ख्रिस्ती समाज हा पोर्तुगीज काळाचा सरळ वारस नाही. विसाव्या शतकात येशूसंघाचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी आदिवासी पाड्यांत गेले. तलासरीचे ज्ञानमाता सदन आणि त्याच्यासारखी केंद्रे उभी राहिली. शाळा, वसतिगृहे, दवाखाने आले. त्याच सुमारास रेल्वेने आणि नोकरीधंद्याने वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळी कुटुंबेही डहाणूला येऊन वसली. आजचा इथला धर्मग्राम या सर्वांचा मिळून झाला आहे.

या मिशनांच्या आरंभीच्या काळात वेदीपाशी लॅटिनच होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत. सेवक मुले पाठ केलेली लॅटिन उत्तरे देत. भाविक गुडघ्यांवर बसून जपमाळ ओढत. या मौनाची थट्टा करण्याची आजकाल एक पद्धत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. त्या मौनात भक्ती होती. पण ते मौन कोणाचे होते, हेही विसरू नये. ज्या वारल्यांवर सावकार-जमीनदारांची वेठबिगार लादलेली होती, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको ‘लग्नगडी’ म्हणून राबत होती, त्यांना गप्प राहण्याची सवय बाहेरच्या जगानेच लावली होती. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. त्या चळवळीचा पंथ आणि आपला पंथ वेगळा. तरीही ज्या लोकांनी शेतावर आणि जंगलात आपला आवाज मिळवला, त्यांना देवाच्या घरातही आपल्या आवाजात बोलता यावे, ही अपेक्षा न्यायाचीच म्हटली पाहिजे.

ते दार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उघडले. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील संविधान २,१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाले. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला आले; अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आधार घेतला. ७ मार्च १९६५ पासून मिस्सेच्या काही भागांत लोकभाषा वापरण्याचे नवे नियम लागू झाले आणि १९६९ च्या आगमनकाळापासून मिस्सेचा नवा विधी आला. धर्मगुरू लोकांकडे वळले. वाचने, विनंत्या, अखेर संपूर्ण मिस्सा मराठीत होऊ लागली. अर्थ कळल्यामुळे डोळे भरून आल्याची आठवण ज्यांच्या घरी नाही, असे घर त्या पिढीत विरळाच.

परंतु परिषदेने नेमके काय म्हटले, याचे आपण अर्धेच वाचन केले. लॅटिनचा वापर राखावा, ग्रेगोरियन गायनाला इतर गोष्टी समान असताना प्रथम मान द्यावा, भाविकांना आपल्या वाट्याची उत्तरे लॅटिनमध्येही एकत्र म्हणता यावीत, असेही तेच संविधान सांगते. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सोप्या लॅटिन चालींची एक पुस्तिका जगातील सर्व बिशपांना पाठवली, ती याच काळजीपोटी. आपल्याकडे मात्र एका पिढीच्या आत ती ठेव पेटीत गेली. आवारातल्या त्या वडिलांची खंत इथली आहे. ठेवा कोणी चोरला नाही. आपणच तो मुलांच्या हाती द्यायला विसरलो.

दुसरे अर्धे वाचन याहून महत्त्वाचे आहे. त्याच संविधानाच्या ११९ व्या कलमात मिशन मुलखांतील लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेविषयी लिहिले आहे. ती परंपरा त्यांच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनात मोठे स्थान राखून असते. तिला योग्य मान द्यावा. मिशनऱ्यांनी ते संगीत शिकून घेऊन शाळांत आणि उपासनेत त्याला उत्तेजन द्यावे, असा त्याचा आशय. भारतात या दिशेने पावले पडली. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रात फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी पुढाकार घेतला आणि एप्रिल १९६९ मध्ये रोमने बारा अनुकूलनांना मान्यता दिली: पादत्राणे काढणे, मांडी घालून बसणे, हात जोडून शांतिवंदन करणे, पंचांग प्रणाम, समई, आरती. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय रागांवर भजने रचली. मराठीत पेटी-तबल्यावरची गीते आली; अभंगाची आणि भजनाची चाल वेदीपाशी बसली. हे सर्व स्वागतार्हच होते.

तरी तलासरीच्या पाड्यावरून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. आरती, पंचांग प्रणाम, राग, अभंग हे सारे भारतीय आहे, पण वारल्याचे नाही. ग्रांथिक मराठीही त्याच्या घरची भाषा नाही; ती त्याला शाळेत भेटते. लॅटिनकडून मराठीकडे येताना आपण वसईकरांनी घर गाठले. आमच्या वारली-कोकणा बांधवांनी अर्धीच वाट चालली. ‘देशी’ या शब्दाने आपले समाधान झाले आणि कोणत्या देशीचा, हे विचारायचे राहून गेले. आम्ही त्यांना आमची गाणी दिली. प्रेमाने दिली, यात शंका नाही. पण त्यांची गाणी आम्ही मागितली काय?

आणि त्यांच्यापाशी गाणी नव्हती असे थोडेच आहे! परंपरागत वारली लग्नात धवलेरी असते. ही बाई गाऊन लग्न लावते. सवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरीच्या गाण्याने विधी एकेक पाऊल पुढे सरकतो. गाण्याने विधी चालणे हा उपासनेचा जो गाभा, तो या लोकांना शिकवावा लागत नाही. त्यांच्या हाडीमांशी तो आहे. भात तयार होऊ लागले की तारपा बाहेर येतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे हे वाद्य. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि माणसे हातांत हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी हा फेर कागदावर आणला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या फेराचे चित्र जगभरच्या दिवाणखान्यांत लागले, त्या फेराचे गाणे वेदीपासून दूर का असावे?

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, हे आम्ही जाणतो. चौकात पालघाट देवी आहे; घांगळीच्या साथीने भगत कणसरीची कथा गातो. ही गाणी जुन्या श्रद्धेत विणलेली आहेत. जुन्या श्रद्धेतून आलेल्या एखाद्या वृद्धाला तारप्याच्या सुरात काय ऐकू येत असेल, हे बाहेरच्याने ठरवू नये. उलट, जे आदिवासी ख्रिस्ती नाहीत, त्यांच्याही भावना आहेत. त्यांच्या पवित्र वस्तू आपण शोभेसाठी उचलल्या असे त्यांना वाटता कामा नये. अंधश्रद्धेशी अतूटपणे न बांधलेले जे असेल, त्याचा सहानुभूतीने अभ्यास करावा, असे परिषद सांगते. तिचा भर ‘अभ्यास’ या शब्दावर आहे. सणाच्या मिरवणुकीत किंवा पाहुण्यांच्या स्वागतात तारपा वाजवून घेणे हा अभ्यास नव्हे. चाल कोणती, ती कोणत्या प्रसंगाची, तिचे शब्द काय, ती गाण्याचा मान कोणाचा, हे त्या समाजातल्याच जाणत्या माणसांनी, विशेषतः बायांनी, सांगितले पाहिजे. स्टीफन्स यांनी ओवी घेतली तेव्हा ओवीही दुसऱ्या देवांच्या कथा सांगत होती. त्यांनी आधी ती भाषा शिकली, तिच्यावर जीव लावला, आणि मग लेखणी उचलली.

असे घडू शकते, याचे दाखले ख्रिस्तसभेत आहेत. आफ्रिकेतील झाईरच्या धर्मप्रांतांसाठी १९८८ मध्ये रोमने वेगळा मिस्साविधी मान्य केला. त्यात तालबद्ध नृत्याला आणि पूर्वजांच्या स्मरणाला जागा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोतील सान ख्रिस्तोबाल दे लास कासास या धर्मप्रांतातील माया वंशीय आदिवासींसाठी काही अनुकूलने मान्य झाली. त्यांत उपासनेतील पारंपरिक नृत्य आहे, बायांनी धूप वाहणे आहे, काही प्रार्थनांचे नेतृत्व समाजातील जाणत्या माणसाकडे देणे आहे. ज्या समाजात लग्न बाईच्या गाण्याने लागते, त्याने या बातमीकडे लक्ष द्यावे. अशा गोष्टी कोणा एका धर्मग्रामाने मनाने करायच्या नसतात. त्या बिशपांच्या विचाराने आणि रोमच्या संमतीने होतात. त्यांची तयारी मात्र खालूनच, पाड्यावरून करावी लागते.

एकीकडे जुन्या लॅटिन मिस्सेचीही ओढ जगात काही ठिकाणी जागी झाली आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये तिला अधिक मोकळीक दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवरली. या वादात आपण पडण्याचे कारण नाही. पण ही ओढ केवळ हट्ट म्हणून झटकूनही टाकू नये. माणसाला आपल्या पूर्वजांनी म्हटलेले शब्द म्हणावेसे वाटतात. तोच न्याय वारली पूर्वजांनाही लागू होतो, एवढेच आमचे म्हणणे.

मग करावे काय? आमच्या मते तीन लहान कामे प्रत्येक धर्मग्रामाच्या हातची आहेत. ‘किरिये’, ‘सांक्तुस’, ‘आग्नुस देई’ यांच्या सोप्या चाली मुलांना शिकवाव्यात. जगातल्या कोणत्याही चर्चमध्ये ती मुले परकी ठरणार नाहीत. मराठी गीते निवडताना शब्द आधी आणि वाद्य मागून, हा ओवीचा नियम पाळावा. विजेच्या पेटीचा आवाज भाविकांच्या आवाजावर चढला, तर नवे मौन सुरू झाले असे समजावे. आणि तिसरे काम, जे सर्वांत निकडीचे आहे, ते पाड्यांवरच्या वृद्ध गाणाऱ्यांकडे जाण्याचे. त्यांची गाणी, त्यांच्या संमतीने, शब्द आणि चालीसह नोंदवून घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. पण धवलेरीची नात शाळेत जाऊन आमची गीते शिकली आणि आजीची गाणी शिकायची राहिली. आजी गेली, की ती गाणी वेदीपाशी आणावीत की नाही, हा वादच मिटेल. कारण आणायला काही उरणार नाही.

आवारातल्या त्या वडिलांना आणि ओशाळलेल्या त्या तरुणाला आम्हांला एवढेच सांगावेसे वाटते, की तुम्ही दोघे भांडू नका. तुम्हा दोघांच्या पलीकडे, चर्चच्या शेवटच्या बाकाशी एक म्हातारी उभी आहे. तिने पूर्वी लॅटिन ऐकली, नंतर मराठी ऐकली, आणि दोन्ही वेळा श्रद्धेने हात जोडले. तिला काय गाता येते, हे एकदा तिला विचारा.